रेघेपासून रेघेपर्यंत

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. तीस सेंटिमीटर लांब, दोन बोटं रुंद, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर स्वभावाने भलतीच उतावळी. मला स्वस्थ पडून राहणं जमत नाही. टेबलाच्या कडेला ठेवलं तर मी घसरते आणि खणकन खाली पडून सगळ्यांना दचकवते. खिळ्याला टांगलं तर जराशा वाऱ्याने भिंतीवर टकटक करत राहते. ‘या पट्टीला झालंय तरी काय?’ असं घरातले म्हणतात. काय झालंय, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्यातून मला कापलं, कडा घासल्या आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. रेघा किती? तीनशे म्हणाल तर चुकलात. तीनशे एक. शून्याची रेघ कुणी मोजत नाही, पण ती जागेवर नसेल तर बाकीच्या तीनशे फुकट. हे मला कोरणाऱ्या कारागिराने शेजारच्याला सांगितलं होतं आणि मी ते कायमचं लक्षात ठेवलं.

तिथून मी एका छापखान्यात आले. तिथे एक साप्ताहिक छापलं जायचं. पेरणी कधी करावी, धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, गाभण जनावराची निगा कशी राखावी, लहान मुलाला काय भरवावं, असा सगळा पोटापाण्याचा मजकूर त्यात असायचा. आणि असायच्या जाहिराती. बियाणं, पंप, खत, बिस्किटं, दुधाची पावडर. त्या जाहिरातींसाठीच मला आणलं होतं.

माझे मालक म्हणजे छापखान्याचे फोरमन. त्यांना सगळे फोरमनच म्हणायचे, घरीसुद्धा. हात एवढा सरावाचा, की शाईने माखलेल्या बोटांतही मी कधी निसटले नाही. आता आमच्या कामाची एक रीत सांगते, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. साधा मजकूर माझ्याने कधी मोजला जात नसे. तो फोरमन नजरेने बसवायचे. दोन ओळी जास्त झाल्या तर काढायचे, कमी पडल्या तर मोकळी जागा सोडायची. मोजायची ती फक्त जाहिरात. आणि तीही अक्षरापासून अक्षरापर्यंत नाही, तर वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत. कारण जाहिरातवाला नुसत्या अक्षरांचे पैसे देत नाही, वरखालच्या कोऱ्या जागेचेही देतो. म्हणजे काय, तर छापखान्यात ज्या मजकुरावर मला ठेवलं, तो विकलेला. ज्यावर ठेवलं नाही, तो वाचकांचा.

ती वर्षं मजेची होती. “फोरमनची पट्टी म्हणजे कोर्टाचा निकाल,” असं एक जाहिरातवाला म्हणायचा. अर्ध्या सेंटिमीटरवरून तो हुज्जत घालायला यायचा आणि मला बघून मुकाट परत जायचा. मला फार अभिमान वाटायचा.

मग एका सोमवारी फोरमननी मला ‘जाणत्याचा सल्ला’ या सदरातल्या एका तुकड्यावर ठेवलं.

मी चक्रावलेच. ‘जाणत्याचा सल्ला’ हे आमचं सगळ्यात लाडकं सदर. त्यात लहान लहान पाच-सहा तुकडे असायचे, शेती खात्याच्या माणसांना विचारून लिहिलेले. लोक ते कापून ठेवायचे. त्याच्यावर माझं काय काम? फोरमननाही ते खटकलं असावं. प्रूफ घेऊन ते संपादकांच्या टेबलापाशी गेले. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होते.

“साहेब, यावर ‘जाहिरात’ असं टाकायचं राहिलंय.”

“राहिलं नाही. नकोच आहे,” संपादक मान वर न करता म्हणाले. “त्यांची तशीच मागणी आहे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून अंक काढायचा कशाच्या जोरावर, ते तुम्ही सांगा.”

फोरमन परत आले, मला रेघेपासून रेघेपर्यंत ठेवलं, साडेअकरा भरलं, तुकडा बसवला. दोन खरे सल्ले वर, दोन खाली, आणि मधे तो. तीच अक्षरं, तोच टाईप. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्या आठवड्यापासून माझं मन काही थाऱ्यावर नाही. पुढे दर सोमवारी असे तुकडे येत गेले. आधी एक, मग दोन, मग कधी कधी सगळे. मी प्रत्येकावर पडले आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता फोरमन काहीतरी बोलतील. ते मूग गिळून बसले. आठ वर्षं.

शेवटी छापखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली. मी एका फडताळामागे पडले होते. रिकामी जागा रंगवायला आलेल्या रंगाऱ्यांनी मला उचललं आणि माझ्या टोकाने रंगाचे डबे उघडले! अहो, जिच्यापुढे जाहिरातवाले चळाचळा कापायचे, तिने डब्याची झाकणं उचकटायची? मी संतापाने नुसती थरथरत होते. निरोपाच्या दिवशी फोरमननी मला पाहिलं, रुमालाने पुसलं आणि घरी नेलं. सोबत साप्ताहिकाच्या शेवटच्या दहा वर्षांच्या अंकांचे बांधीव गठ्ठेही नेले. रद्दीवाल्याला द्यायचा त्यांना धीर झाला नसावा. पुढची कितीतरी वर्षं मी त्या गठ्ठ्यांवर धूळ खात पडून होते.

त्या घरात तिघंच जण. फोरमन, त्यांची लेक आणि थोरली बहीण. ही बहीण म्हणजे लेकीची आत्या. मागच्या अंगणात भाजी लावायची, तोंडाने फटकळ, पण सगळ्या घराचा आधार तिच्यावर. लेक शेती महाविद्यालयात संशोधन करत होती. तिचा विषय ऐकाल तर तुम्हीही माझ्यासारखे ताडकन उडाल: शेती आणि आहारावरच्या छापील अंकांत किती जागा सल्ल्याला मिळते आणि किती जाहिरातीला.

“म्हणजे नक्की करतेस काय गं?” आत्याने विचारलं.

“जागा मोजते, आत्या. पान उघडायचं आणि पट्टी लावायची.”

“एवढं शिकून शेवटी पट्टीने पेपर मोजायचा? मला सांगितलं असतंस तर मी वितीने मोजून दिला असता!”

लेक खळखळून हसली आणि तिने मला गठ्ठ्यावरून उचललं. तिला मोजायला वडिलांनीच लहानपणी शिकवलं होतं. म्हणून तिने नियमही तसाच केला होता. जाहिरात रेघेपासून रेघेपर्यंत, कारण ती सगळी जागा विकलेली. सल्ला अक्षरापासून अक्षरापर्यंत, कारण वाचक अक्षरंच वाचतो.

तिने तीन साप्ताहिकं घेतली होती. वडिलांचं साप्ताहिक तिने शेवटी ठेवलं, ताटातला आवडीचा घास मागे ठेवतात तसं. आणि मग तेच तुकडे पुन्हा माझ्याखाली आले. तो साडेअकराचा तुकडासुद्धा! पण आता ती मला अक्षरापासून अक्षरापर्यंत ठेवायची आणि वहीत ‘सल्ला’ या रकान्यात आकडा लिहायची. मी तिच्या बोटांखाली सरकले. दोनदा खाली पडले. एकदा तर तिच्या अंगठ्याला माझी कड लागली आणि रक्त आलं. “काय ही पट्टी! अंगात आल्यासारखी करते,” ती म्हणाली. अगं बाई, त्या रकान्यात नको लिहूस, एवढंच मला सांगायचं होतं. पण पट्टीला तोंड कुठलं?

शेवटच्या एका वर्षाचा गठ्ठा सोडून बाकी सगळ्याची बेरीज झाली. दुसऱ्या दोन साप्ताहिकांत शंभरातली तीस-पस्तीस जागा सल्ल्याची. वडिलांच्या साप्ताहिकात बासष्ट! लेक नाचत बाहेर आली.

“बाबा, तुमचा अंक सगळ्यात स्वच्छ निघाला! एवढीशी जागा, एवढासा छापखाना, आणि बासष्ट टक्के सल्ला. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिणार आहे. आणि ऐका ना, आमचे सर इतके खूश झालेत, की ‘जाणत्याचा सल्ला’मधले निवडक तुकडे ते पुस्तिकेत छापणार आहेत. दहा हजार प्रती, गावोगावी वाटायला!”

‘सर’ म्हणजे तिचे मार्गदर्शक. फोरमन खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांचा हात थांबला.

“छापायला कधी जाणार?” त्यांनी विचारलं.

“महिनाअखेर.”

“बरं,” ते म्हणाले आणि पुन्हा बूट घासायला लागले. तोच बूट, ज्याला आधीच पॉलिश झालं होतं.

मित्रांनो, माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. म्हणजे आता तेच तुकडे पुन्हा छापणार, तेही महाविद्यालयाच्या नावाने. लोक डोळे मिटून विश्वास ठेवणार. महिना संपायला सतरा दिवस होते. फोरमन रोज सकाळी तिच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, “चहा घेतेस का?” असं विचारायचे आणि मागे फिरायचे. सातव्या दिवशी तीच म्हणाली, “बाबा, तुम्हाला काही बोलायचंय का?” “नाही गं, चहाचं विचारत होतो.” एवढा चहा त्या घरात आजवर कधी झाला नव्हता.

मग लेकीचं मनगट सुजलं. रोजचं मोजणं आणि लिहिणं बाधलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला आणि आराम सांगितला. तो एका वर्षाचा गठ्ठा उरलाच होता.

“बाबा, एवढं वर्ष तुम्ही मोजून द्याल? नियम तुम्हाला ठाऊकच आहे.”

ते नाही कसं म्हणणार? छापखाना बंद पडल्यानंतर आठ वर्षांनी मी पुन्हा त्यांच्या हातात आले. हात आता थोडा कापत होता, पण मोजायला लागला की स्थिर व्हायचा. ते आकडा सांगायचे, ती डाव्या हाताने लिहायची. दोन दिवसांत वर्ष संपलं.

तिच्या कामात एक शिस्त होती. दर दहा तुकड्यांतला एक दुसऱ्यांदा मोजून बघायचा. तिसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने मला धरलं आणि पडताळणी सुरू केली. खऱ्या जाहिराती तंतोतंत जुळल्या. अग्रलेख जुळला. ‘जाणत्याचा सल्ला’मधल्या एका तुकड्याचा वडिलांनी सांगितलेला आकडा आठ मिलिमीटरने जास्त निघाला. पुढचा जुळला. त्यापुढचा पुन्हा आठ मिलिमीटर जास्त.

‘डोळे थकले असतील बाबांचे,’ ती पुटपुटली. पण डोळे थकले तर सगळंच चुकायला हवं. काही तुकडे जुळतात आणि काही ठरावीक आठ मिलिमीटरनेच चुकतात, असं कसं? ती थबकली. मी तिच्या हातात अगदी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच.

“बाबा, जरा इकडे या. हे पुन्हा मोजता?”

फोरमन आले. तिने पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी मला अक्षरापासून अक्षरापर्यंत ठेवलं. दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्यांचा हात वर सरकला, वरच्या रेघेला माझं शून्य लागलं आणि त्यांनी खालच्या रेघेवरचा आकडा वाचला.

“हा सल्ला आहे, बाबा,” ती हळूच म्हणाली. “रेघेपासून का मोजलात?”

फोरमननी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.

“सवय,” ते म्हणाले.

“याच्याच बाबतीत सवय? वरच्याच्या बाबतीत नाही?”

तिने पान उलटलं, बोट ठेवलं. रेघेपासून. पुन्हा उलटलं. अक्षरापासून. पुन्हा. रेघेपासून. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती उठून उभी राहिली.

“हे विकलेले आहेत,” ती म्हणाली. “हो ना? तुम्ही तेव्हा हे मोजून बसवलेत.”

“हो.”

“मी वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर यांच्यावर ‘सल्ला’ लिहिते आहे!”

“रोज सांगायला यायचो. जीभच रेटायची नाही.”

“चहा!” ती ओरडली. “चहा विचारायला यायचात तुम्ही! दहा हजार घरांत हे जाणार होतं बाबा, माझ्या नावाने! किती आहेत असे?”

“किती ते माहीत नाही.”

“तुम्हीच तर मोजलेत!”

ती दार आपटून बाहेर गेली आणि तासाभराने परत आली. डोळे सुजले होते, पण आवाज थंड होता. “सगळे गठ्ठे काढा. दहाही वर्षांचे. एकेक तुकडा दाखवा.”

ते दोघं चार दिवस जमिनीवर बसून होते. फोरमन मला लावायचे आणि पेन्सिलीने खूण करायचे. लेकीने त्यांच्यावरही भरवसा ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. पुस्तिका थांबवा, कारण नंतर सांगते, असा निरोप तिने सरांना धाडला. पंधरा दिवसांनी खुणा झाकून तिने तेच काम पुन्हा करून घेतलं. दोन्ही वेळच्या खुणा पडताळल्या. शंभरात एखादाच फरक. नवी बेरीज झाली, तेव्हा बासष्टचे सत्तेचाळीस झाले होते. सगळ्यात स्वच्छ अंक आता सगळ्यात लबाड ठरला होता, कारण बाकीचे निदान जाहिरातीवर जाहिरात लिहीत होते.

सरांकडे फोरमन स्वतः गेले. मीही पिशवीत होते. सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“याचा लेखी पुरावा काय?”

“काही नाही, साहेब. मी बसवलेत, एवढाच.”

“इतकी वर्षं गप्प होतात. मग आत्ताच का सांगताय?”

“मी कुठे सांगितलं? हात सांगून बसला,” फोरमन म्हणाले. “माझी हिंमत नव्हती.”

पुस्तिका रद्द झाली. प्रबंध सहा महिने पुढे गेला. ते प्रकरण नव्याने लिहायचं आणि हे कुणी सांगितलं त्याचं नाव आणि काम त्यात यायचं, असं ठरलं. लेकीने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “घाल.”

वाटलं, आता मी शांत होईन. पण खुणा करताना एक अंक फोरमननी बाजूला काढून ठेवला होता, ते मी पाहिलं होतं. घरी आल्यावर तो अंक आणि मला घेऊन ते मागच्या अंगणात गेले. मला कशाला नेलं, कोण जाणे. हातात काहीतरी धरायला हवं असेल.

आत्या वांग्याच्या रोपांना माती लावत होती. त्यांनी अंक तिच्यापुढे धरला.

“ताई, हा सल्ला आठवतो?”

आत्याने हात पदराला पुसले, कागद डोळ्यांजवळ नेला. “न आठवायला काय झालं? माझ्या गाईचा आहे. शेवटचे दोन महिने हिरवा चारा बंद, नुसतं ते पोत्यातलं खाद्य. जसं लिहिलंय तसंच केलं मी. पण माझ्या हाताला जनावर लाभत नाही. वासरू गेलं, गाय आटली, द्यावी लागली. आता कशाला काढतोस ते?”

“तो सल्ला नव्हता. खाद्य विकणाऱ्यांनी पैसे देऊन छापून घेतला होता. मी बसवला.”

आत्याने अंक खाली ठेवला.

“गाय नेली, त्या दिवशी दावं सोडायला तूच होतास.”

“हो.”

“तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

तिने मला त्यांच्या हातातून खेचून घेतलं. मला वाटलं, आता ही मला त्यांच्या पाठीत घालते. घातली असती तर मला वाईट वाटलं नसतं. पण तिने मला मातीत ठेवलं आणि तिचा तो फटकळ आवाज अगदी लहान झाला.

“चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं मी म्हणते आहे, माझ्या हातून वासरू मेलं. शेजारच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाही, माझी नजर लागायला नको म्हणून. म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं?”

“नाही, ताई. तू छापलं होतं तसंच केलंस.”

“मग एकदा तरी सांगायचं होतंस रे,” ती म्हणाली आणि तिथेच मातीत बसून रडली.

अजून ती त्यांच्याशी धड बोलत नाही. ताट वाढते, ते पुढे सरकवते आणि आत जाते. पण परवा संध्याकाळी ती शेजारच्यांच्या गोठ्यात गेली आणि चांगली तासभर तिथेच होती. फोरमन कुंपणापाशी उभे राहून तिची वाट बघत होते.

मित्रांनो, मी अजून खिळ्यावर टकटक करते. आठ वर्षांचे अंक किती घरांत गेले आणि तिथे कुणी कुणी स्वतःला दोष देत बसलं असेल, ते माझ्या तीस सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही. तुम्ही मला महिन्यातून एकदा तेलाचा हात लावा, माझ्याने डबे उघडू नका, एवढं केलंत तरी मी कामाला येईन. कुणी काय पेरावं, काय खावं असं छापून सांगितलं, तर ती जागा कुणाची आहे ते आधी विचारा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल, जी न सांगितल्यामुळे कुणी उगाच झुरत असेल, तर आजच उठा आणि सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.